पाठीला पाठ

मिस्त्रीचं वेल्डिंग देखणं असायचं आणि त्याने केलेली प्रत्येक वस्तू वाकडी असायची.

त्याची शिवण पाहायला दुसऱ्या गावांचे मिस्त्री मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. वरची खपली झटकली की खाली माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ. कुठे खड्डा नाही, कुठे गोळा नाही. पण ती ओळ ज्या वस्तूवर असायची ती जमिनीवर ठेवली की तीनच पायांवर उभी राहायची. शाळेतला बाक त्याचाच. एका टोकाला मास्तर टेकले की दुसऱ्या टोकाच्या बाई उठून उभ्या राहायच्या आणि पोरांना वाटायचं, केवढा हा मान! गिरणीवाल्याची शिडी डावीकडे अशी झुकली होती की माणूस आपल्या माळ्यावर जायला निघायचा आणि शेजाऱ्याच्या पत्र्यावर पोचायचा. न्हाव्याने हौसेने लोखंडी पलंग करून घेतला, तो मधोमध खोल गेला. न्हावी आणि त्याची बायको कितीही भांडून दोन कडांना झोपली तरी सकाळी मधल्या खळग्यात सापडायची. न्हाव्याने तक्रार केली नाही, पण पलंगाची शिफारसही कुणाकडे केली नाही.

गाव त्याला 'एकदम' म्हणायचं. रॉड टेकवला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. जेवायचाही तसाच, पाण्याचा घोट शेवटी. बोलताना मनात आलं की तोंडात, मध्ये थांबा नाही. लग्नही एकदम ठरवलं होतं. मिस्त्रीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि तांब्या खाली ठेवायच्या आत हा "हो" म्हणाला होता. "विचार करायला जरा वेळ दिला असता तर मीच नाही म्हटलं असतं," असं मिस्त्रीण चारचौघींत म्हणायची. मग हसायची, म्हणजे बायकांना कळायचं की म्हटलं नसतं.

घराला लागून रस्त्याकडेला पत्र्याची शेड होती. तिच्यात मिस्त्री, मिस्त्रीण आणि मिस्त्रीचा म्हातारा बाप. माप घेणं, पाइप कापणं, धरणं, घासणं, रंग देणं, गिऱ्हाईक सांभाळणं हे सगळं मिस्त्रीण करायची. रॉड धरायचा होल्डर तेवढा मिस्त्रीच्या हातात. म्हाताऱ्याच्या हातात आता काहीच नव्हतं. त्याची भट्टी विझून दहा वर्षं झाली होती, पण तो रोज सकाळी आंघोळ करून ऐरणीशेजारी येऊन बसायचा, नोकरीवर आल्यासारखा. डोळे अधू झाले होते. बोटं मात्र शाबूत होती. लोखंडावरून अंगठा फिरवून तो सांगायचा, कुठे किती बाक आहे ते; आणि ते ऐकायला मिस्त्री कधी थांबायचा नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी खोल गेलं. सगळ्या शेतांत पंप एकाच वेळी चालायला लागले आणि लाईट दिवसाकाठी चार तास राहिली, दहा ते दोन. तीही मेल्यासारखी. रॉड चिकटायचा, उखडला की पुन्हा चिकटायचा. शेडच्या पत्र्याखाली अंगातून पाणी निथळायचं आणि लोखंडाला उघड्या हाताने शिवायची सोय नव्हती. "चार तासांत उरकायचं म्हणजे एकदमच करायला नको का?" असं आता मिस्त्रीला म्हणता यायला लागलं.

अशाच एका घाईत त्याने दूध डेअरीचं दार केलं. दार बसवलं, लावलं, आणि खालच्या कोपऱ्यातून मांजर आत शिरलं. डेअरीवाला फार बोलणारा माणूस नव्हता. त्याने दार उचकटून हातगाडीवर घातलं आणि शेडसमोर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं, झाडाला टेकवून ठेवलं. मांजरही मागोमाग आलं आणि दाराच्या सावलीत बसलं.

दोन दिवस लोक येता-जाता विचारत होते, "मिस्त्री, मांजरासाठी वेगळं बिजागर लावलं नाही का?"

तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मिस्त्रीचं डोकं फिरलं. "ऐका सगळे! पुढचं काम वाकडं निघालं तर मशीन विकतो आणि मेव्हण्याच्या कोंबड्यांकडे जातो, अंडी गोळा करायला!"

बोलून गेला. एकदमच.

तो घरी पोचायच्या आत मिस्त्रिणीच्या भावाचा फोन येऊन गेला होता. "ताई, ऐकलं मी. काही काळजी करू नकोस. वरची खोली झाडून घेतलीये. आणि भाऊजींनी मागे करून दिलेलं लोखंडी स्टूल आहे ना, ते काढून ठेवलंय. बसून अंडी पुसता येतील."

भाऊ मनाने चांगला होता, दुखणं तेच होतं. त्याची बायकोही चांगली होती, फक्त साखरेचा डबा कुलपात ठेवायची. मिस्त्रिणीने एकदा चार दिवस तिथे काढले होते आणि प्रत्येक चहाला "वहिनी, किल्ली?" असं म्हणावं लागलं होतं. उरलेलं आयुष्य तसं म्हणत काढायचं, आणि दुपारभर नवरा स्टुलावर बसून अंड्यावरची घाण पुसतोय हे पाहायचं! शिवाय म्हाताऱ्याची ऐरण कोणत्या खोलीत मावणार होती? "काय बोलून बसलात हो?" असं ती म्हणाली तेव्हा मिस्त्री झोपला होता.

आणि पुढचं काम आलं ते असं की सरळ माणसालाही घाम फुटावा.

गावात दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. शेत एकत्रच होतं, पण अंगणात भिंत उभी राहिली. भाऊ भांडले नव्हते. भांडण थोरल्या आणि धाकट्या जावेचं. ते कशावरून सुरू झालं हे आता त्यांनाही धड सांगता येत नव्हतं, पण सहा महिन्यांत दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नव्हत्या. रस्त्याच्या बाजूला विटांचे तीन खांब उभे राहिले होते, मधला दोघींचा सामाईक. आता फाटकं हवी होती.

थोरली सकाळी आली. बाई दणकट, आवाज त्याहून.

"सहा फूट रुंद. पाच उंच. पूर्ण पत्रा मारायचा. पलीकडचं काही दिसता कामा नये."

"पलीकडे तर रस्ता आहे, थोरल्या बाई," मिस्त्रीण म्हणाली.

"रस्त्यावरून ती जाते ना!"

दुपारी धाकटी आली. बारीक अंगाची, भुवया सतत वर. "तिने काय सांगितलं?"

"सहा बाय पाच."

"मलाही सहा बाय पाच. केसभर कमी नको. जास्तही नको."

"जास्त का नको?"

"म्हणेल, हिचं तोंड मोठं तसं फाटकही मोठं. नकोच ते. तिच्यासारखंच हवं. कडीसुद्धा तेवढ्याच उंचीवर. आणि दोन्ही एकाच दिवशी बसवा, नाहीतर आयुष्यभर ऐकवेल की माझं आधी बसलं."

जाता जाता तिने झाडाला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं. "आणि असलं निघालं तर मी नेणार नाही, सांगून ठेवते."

सकाळी थोरलीनेही अगदी हेच सांगितलं होतं.

"दोन्ही वाकडी निघाली तर निदान भांडण व्हायचं नाही," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीण उठली. मग ती पाण्याचा तांब्या भरून सासऱ्याकडे गेली.

"मामंजी, हे असं का होतं हो?"

म्हातारा जणू दहा वर्षं ह्याच प्रश्नाची वाट बघत बसला होता. त्याने तांब्या बाजूला ठेवला. "लोखंड तापलं की फुगतं, निवताना आवळतं. ज्या अंगाला ताप दिला त्या अंगाला ओढत नेतं. मी भट्टीत सगळं अंग तापवायचो. हा एका बाजूला डागत सुटतो, टोकापर्यंत. मग ते कुबड काढणार नाही तर काय करणार?"

"त्यांना सांगितलं नाही कधी?"

"दहादा सांगितलं. तो लगेच हो म्हणतो."

मिस्त्रीण तिथेच मातीत बसून राहिली. तिच्या मनात एक गोष्ट पुष्कळ दिवस टोचत होती. शिंप्याच्या खिडक्यांच्या दोन जाळ्या. नवऱ्याच्या हातून आजवर सरळ निघालेल्या वस्तू म्हणजे त्या दोनच. तेव्हा काय झालं होतं? जाळ्या सायकलवरून न्यायच्या म्हणून तिने दोन्ही पाठीला पाठ लावून तारेने करकचून आवळल्या होत्या, आणि मग मिस्त्रीच्या लक्षात आलं की आडव्या पट्ट्यांना नुसते टाके पडलेत, शिवण राहिलीच आहे. सोडायचा कंटाळा. तशाच बांधलेल्या जाळ्यांवर, तार आड येईल तिथे सोडून, जरा ह्या बाजूने, जरा त्या बाजूने त्याने शिवण मारली होती. ती ओळ त्याला मुळीच आवडली नव्हती. जाळ्या मात्र खिडकीत अशा बसल्या की शिंप्याला आश्चर्य वाटलं.

तिने म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याचा अंगठा हवेतच फिरला, दिसत नसलेल्या लोखंडावरून.

"ही ओढेल इकडे," तो म्हणाला, "ती ओढेल तिकडे. आणि दोघींना सुटता येणार नाही." मग दात नसलेलं तोंड उघडून हसला. "सूनबाई, दोन फाटकं आहेत ना गं आपल्याकडे?"

लोखंडाला पटवणं सोपं होतं. नवऱ्याला पटवणं जड गेलं.

"तुटक शिवण?" मिस्त्री म्हणाला. "दोन बोटं मारायची, सोडायची, दुसरीकडे दोन बोटं? ठिगळं लावल्यासारखं दिसेल. लोक काय म्हणतील?"

"लोक शिवण बघत नाहीत. फाटक लागतं का ते बघतात."

हे तिने बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. बाहेर झाडाखाली डेअरीचं दार होतं, मांजर होतं. त्याने वेल्डिंगची काळी काच उगाचच शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा पुसली.

मिस्त्रीण जवळ जाऊन बसली. "मी बघते ना तुमची शिवण," ती म्हणाली. "रोज बघते. घासताना माझ्याच्याने तिच्यावर ग्राइंडर फिरववत नाही. एकटीने बघितलेलं नाही चालणार का?"

"चालेल," मिस्त्री म्हणाला. एकदम.

पण त्याचं 'चालेल' काय किमतीचं असतं ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी लाईट यायच्या आधीच तिने रॉडचा सगळा पुडा घेतला आणि पक्कडीने एकेका रॉडचे तीन-तीन तुकडे केले. तुकडे कमरेच्या पिशवीत घातले. दोन्ही चौकटी जमिनीवर गुण्याला लावून काटकोनात घेतल्या, कोपऱ्यांत टाके घेतले, पत्रे चढवले. मग दोन्ही फाटकं उभी करून पाठीला पाठ लावली, पत्रे बाहेरच्या अंगाला, आणि शेडमध्ये होते तेवढे सगळे शिकंजे आवळले. शिकंजे सहाच निघाले. उरलेल्या ठिकाणी तार घातली, आणि तारेला पीळ द्यायला म्हाताऱ्याला बोलावलं. म्हाताऱ्याने पहारीने असा पीळ दिला की मिस्त्री म्हणाला, "बाबा, बास, जीव घ्याल त्याचा."

कोणतं फाटक कुणाचं हे कळावं म्हणून तिने खडूने एकावर मोठं वर्तुळ काढलं, एकावर छोटं. बिजागऱ्या आणि कडीची जागा मात्र तिने दोन्हींवर एकाच रेघेने आखली. कडेवरून दोरी ताणली आणि दोन्ही फाटकांवर एकदमच खूण ओढली. केसभर कमी नको, जास्त नको. एवढं तंतोतंत माप त्या शेडमध्ये आजवर घेतलं गेलं नव्हतं.

दहाला लाईट आली. मिस्त्रीने मोठ्या वर्तुळाच्या बाजूने रॉड टेकवला. चर्र झालं, दोन बोटं शिवण झाली आणि रॉड संपला.

"हे काय? दुसरा दे."

"इकडे या," मिस्त्रीण फाटकांच्या पलीकडून म्हणाली.

"इकडे दे ना."

"रॉड इकडे आहेत."

मिस्त्री वळसा घालून गेला. तिथे दोन बोटं मारली, तोंड वर केलं, तर मिस्त्रीण पलीकडे पोचलेली. "आता इकडे. तळाच्या कोपऱ्यात."

"अगं, कोपरा कशाला? आत्ताची शिवण पुढे नेतो की."

"तिला निवू दे. तुम्ही चाला."

असे फेरे सुरू झाले. वर, खाली, ह्या बाजूचा डावा कोपरा, त्या बाजूचा उजवा. व्होल्टेज घसरलं की रॉड चिकटायचा आणि मिस्त्री तो उखडत शिव्या द्यायचा, लाईटला, पंपांना, सासुरवाडीच्या कोंबड्यांना. घामाने सदरा पाठीला चिकटला, भुवयांवरून धार काचेच्या आत उतरायला लागली. म्हातारा ऐरणीवर हातोडीने हलकेच एकेक ठोका देऊन फेरे मोजत होता.

"बाबा, मोजू नका हो!"

"एकतीस," म्हातारा म्हणाला.

रस्त्यावर लोक थांबायला लागले. 'एकदम' थांबून-थांबून काम करतोय हे दृश्य गावाने पाहिलं नव्हतं. गिरणीवाला पीठभरल्या अंगाने येऊन उभा राहिला. "मिस्त्रीणबाई, नवऱ्याला काय नवस फेडायला लावलाय?"

"शिडी सरळ हवी असेल तर तुम्हीही चार फेरे घाला," मिस्त्रीण म्हणाली.

त्रेसष्टाव्या फेऱ्याला कडी आणि बिजागऱ्याही लागल्या. शेवटचा तुकडा संपला, आणि दोनला पाच कमी असताना लाईट गेली. मिस्त्री जमिनीवर बसला आणि तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मग हात शिकंज्याकडे गेला.

"सोडायचं नाही," म्हातारा म्हणाला.

"झालं की काम."

"तुझं झालं. त्याचं चाललंय अजून."

ते खरंच चाललं होतं. फाटकांतून टक, टक असा आवाज येत होता, आवळत आलेल्या पत्र्याचा. संध्याकाळची उन्हं उतरेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं.

आणि तीन वाजता दोघी जावा आल्या. एकीला गिरणीवाल्याने सांगितलं होतं, दुसरीला गिरणीवाल्याच्या बायकोने. एक ह्या बाजूने, एक त्या बाजूने, भर उन्हात.

"हे काय मिस्त्रीणबाई!" थोरली रस्त्यावरूनच ओरडली. "माझं फाटक तिच्या फाटकाला बांधलंत?"

"ह्यांना सांगा," धाकटी मिस्त्रिणीला म्हणाली, "माझंही फाटक काही हौसेने तिथे उभं नाहीये."

"हिला सांगा, मी हिच्याशी बोलत नाहीये."

"ह्यांना सांगा, मीही नाही. आधी माझं फाटक सोडा!"

"आधी माझं!"

थोरलीने शिकंज्याच्या दांड्याला हात घातला. चटका बसला, तरी दुसऱ्यांदा घातला. मिस्त्री एकदम काहीतरी बोलायला उठला, आणि मिस्त्रिणीला त्याच्या मागे भावाकडच्या वरच्या खोलीतलं ते स्टूल लख्ख दिसलं. साखरेचा डबाही दिसला.

"सोडते," ती म्हणाली. "पण आधी कुणाचं सोडू ते ठरवा. जिचं आधी सुटेल तिचं वाकेल."

दोघी थांबल्या.

"आणि दुसरीचं?" धाकटीने विचारलं.

मिस्त्रिणीने सासऱ्याकडे पाहिलं. हे अर्धंच खरं होतं. एक सुटलं की दोन्ही वाकणार होती. म्हाताऱ्याने आयुष्यात लोखंडाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. त्याने अंगठा पुढे करून पत्र्याचा कानोसा घेतल्यासारखं केलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "दुसरीचं राहील बघा, आरशासारखं."

थोरलीने दांडा सोडला. "तिचं आधी सोडा."

"अजिबात नाही. ह्यांचं सोडा. मोठ्या आहेत, मान त्यांचा."

"मग निवेपर्यंत थांबावं लागेल," मिस्त्रीण म्हणाली. "तुम्ही घरी जा. संध्याकाळी सांगते."

पण घरी कोण जाणार? एक गेली की दुसरी मागे तिचं आधी सोडायला लावेल. थोरली मोठ्या वर्तुळाच्या बाजूला पाइपांच्या ढिगावर बसली. धाकटी छोट्या वर्तुळाच्या बाजूला, उलट्या बादलीवर. मध्ये दोन फाटकं, टक टक करणारी.

शेडमध्ये पेला एकच होता. थोरली पाणी प्यायली. धाकटीने तोच पेला तीन वेळा विसळला आणि मग प्यायली. ते पाहून थोरलीने पुन्हा पाणी मागितलं आणि पेला चार वेळा विसळला. असलं पाणी वाया घालवायचे ते दिवस नव्हते. मिस्त्रिणीने घागर उचलून आत नेली.

तास गेला. ऊन पत्र्यावरून सरकत होतं. मिस्त्री बसल्या जागी झोपून गेला होता.

मग थोरली छपराकडे पाहत म्हणाली, "तिला सांगा, भाजीत मीठ जरा कमी घालत जा म्हणावं."

पलीकडे बादली करकरली. "ह्यांना कसं कळलं माझ्या भाजीचं मीठ?"

"आमच्या घरी कागाळी होते. पंधरा दिवस ऐकतेय. माझ्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हणे. मी चाखून बघते, तर ठीक. मग डोक्यात उजेड पडला. डबा माझा रिकामा येतो, पण खातं कोण?"

धाकटीला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे शेतात दोघे..."

"डबे बदलतात!"

"तरीच!" धाकटीचा आवाज चढला. "आमचे म्हणतात, आज भाजी फार छान होती. मी केलेली असते भेंडी, आणि हे वांग्याची तारीफ करतात. मला वाटलं, माणसाचं लक्ष कुठे असतं!"

"वांगी छान झाली होती म्हणाले?" थोरलीने विचारलं. तिने ते थेट पत्र्यालाच विचारलं होतं. मग भानावर आली. "म्हणजे, तिला विचारा, काय म्हणाले ते."

"ह्यांना सांगा, दोनदा म्हणाले."

म्हातारा तोंडावर फडकं धरून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

साडेपाचला पत्र्याचा आवाज थांबला. म्हाताऱ्याने फाटकांवर तळहात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग मान हलवली. मिस्त्रिणीने एकेक शिकंजा थोडा थोडा सैल केला, आधी ह्या टोकाचा, मग त्या टोकाचा. मिस्त्री उठला होता. त्याला बघवत नव्हतं म्हणून तो डेअरीच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. शेवटची तार तुटली तेव्हा मिस्त्रिणीनेही डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. दोन फाटकं एकमेकांपासून बोटभर सुटून नुसती उभी राहिली.

दोन्ही जमिनीवर आडवी ठेवली. चारही कोपरे टेकले. मिस्त्रिणीने दोरी तिरकी ताणली, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलटी. सारखी. म्हाताऱ्याने गुडघे टेकले आणि अंगठा फिरवत फिरवत पूर्ण कड पार केली. त्याला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. शेवटी त्याने अंगठा धोतराला पुसला.

"दोर आहे," तो म्हणाला. "ओढून ताणलेला."

मिस्त्री वळला. मग त्याने खाली वाकून आपल्याच तुटक शिवणीवरून हात फिरवला, ठिगळाठिगळावरून. "तशी दिसायला वाईट नाही," असं तो हळूच बायकोला म्हणाला.

रंग थोरलीचा हिरवा, धाकटीचा निळा. चौथ्या दिवशी फाटकं हातगाडीवरून नेली आणि अर्धं गाव मागोमाग गेलं, अंड्यांचं काय होतं ते बघायला. हिरवं फाटक डाव्या खांबाला धरलं. बिजागरी डाव्या खांबाशी, कडी मधल्या खांबाशी. बरोबर. मग निळं उचललं, पत्र्याचं तोंड रस्त्याकडे केलं.

त्याची बिजागरी उजवीकडे होती.

पाठीला पाठ लावून एकाच रेघेने आखलं होतं तिने. तंतोतंत. आता एकाचं तोंड फिरवल्यावर जे डावं ते उजवं होणारच होतं. तिचीच रेघ, तिचीच चूक. त्रेसष्ट फेऱ्यांत एकदाही ध्यानात आलं नाही.

"ह्याचं उलटं झालं की!" मिस्त्री एकदम बोलला.

गाव हसायला लागायच्या आत ती पुढे झाली. "उलटं नाही, जोडीचं आहे. वाकडं आहे का कुठे? बघा, कुणीही बघा."

डेअरीवाला पुढे आला, वाकून एक डोळा मिटून कडेने पाहिलं, आणि "सरळ आहे," म्हणाला. फार बोलणारा माणूस नव्हता.

"पण माझी कडीही मधल्याच खांबाला येणार," धाकटी म्हणाली. "म्हणजे ह्यांच्या कडीला लागून?"

"म्हणजे रोज सकाळी ती माझ्या हाताशी?" थोरली म्हणाली.

"बदलायचं तर कापून पुन्हा डागावं लागेल," मिस्त्रीण म्हणाली. "एकटं डागलं की वाकणार. नाहीतर सोपं आहे. निळं इकडे लावू, हिरवं तिकडे. कड्या दोन टोकांना जातील. रंग काय, आत्ता फिरवून देते."

क्षणभर दोघींनी विचार केला. अगदी सोपं होतं.

"तिच्या नावाचं फाटक मी माझ्या दाराला लावू?" थोरली म्हणाली.

"ह्यांना सांगा, मी मेले तरी लावणार नाही."

लावली तशीच. दोन्ही कोयंडे मधल्या खांबाला, वीतभर अंतरावर. दोन्ही फाटकं एका बोटाने लागली. खालून मांजर काय, मुंगीला वाकून जावं लागेल, असं न्हावी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता मिस्त्रीण बिजागऱ्यांना तेल द्यायला गेली. उजव्या खांबाशी उकिडवी बसली होती, तेवढ्यात दोन्ही अंगणांत पावलं वाजली. दोन्ही फाटकांवरून एकेक हात बाहेर आला, कडी काढायला. दोन हात, वीतभर अंतरावर. दोन्ही थांबले.

मिस्त्रिणीने श्वास रोखला. हिला सांगा, ह्यांना सांगा असं म्हणायला आज मध्ये कुणीच नव्हतं, आणि तिने काही झालं तरी उठायचं नाही असं ठरवलं.

मग थोरलीचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ खाली. "मीठ कमी घातलंस का?"

"घातलं," धाकटी म्हणाली. "तुम्ही आज काय केलंय?"

"वांगी."

दोन्ही कड्या एकदमच वाजल्या.

ती घरी आली तेव्हा शेडमध्ये मिस्त्री रॉडचे तुकडे करत बसला होता, आपण होऊन. गिरणीवाला शिडी घेऊन आला होता आणि म्हातारा तिच्यावरून अंगठा फिरवत होता. फोन वाजत होता.

"ताई," भाऊ म्हणाला, जरा हिरमुसूनच, "म्हणजे भाऊजी येत नाहीत तर. मग ह्या स्टुलाचं काय करू? बसलो की डुगडुगतं. घेऊन येऊ का, सरळ करून द्याल?"

"किती आहेत?"

"एकच."

मिस्त्रिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो एक तुकडा तोडायचा, थांबायचा, मग दुसरा तोडायचा.

"एकट्याचं काम आम्ही घेत नाही रे आता," ती म्हणाली. "जोडी असेल तर आण."